उलटे टांगलेले बूट

ओटाकी, ६ ऑक्टोबर १९९६

प्रिय नोलीन,

माझं अक्षर बघून आधी वाटलं असेल, कोण गेलं म्हणून. कुणी गेलेलं नाही. मेलाय तो फक्त आमच्या सिनेमात, आणि तोही रोज संध्याकाळी नदीतून उठतो, पाय पुसतो आणि चहा मागतो.

हो, पुन्हा सिनेमा. पुन्हा खून, पुन्हा गरीब कंपनी. एकोणीस माणसं, उसना कॅमेरा आणि दिग्दर्शकाच्या आईच्या हातचं जेवण, म्हणजे रोज मटण भरलेली पेस्ट्री. माझं काम तेच, कंटिन्युइटी. क्लॅरीकाकांनी मागे विचारलं होतं, 'ही माझ्या भावाची पोरगी तिथे करते काय?' त्यांना सांग, एका शॉटमध्ये सिगारेट अर्धी असेल तर पुढच्या शॉटमध्ये ती अर्धीच हवी, एवढं बघते. कोटाची कुठली बाही ओली, कपात चहा किती उरलाय, सगळं वहीत लिहायचं आणि पोलरॉइड फोटो काढून चिकटवायचा. पडद्यावर माझं काम कुणाला दिसलं, तर ते चुकलं म्हणायचं.

आता खरं सांगते, चिडू नकोस. ही डेस लाफ्टनची गोष्ट आहे. दिग्दर्शकाला, ॲलिस्टरला, ती मीच एकदा गप्पांत सांगितली होती: व्हाइटबेटच्या, त्या बारीक मासोळीच्या, हंगामात नदीवरच्या स्वतःच्या मासे धरायच्या मचाणाखाली बुडालेला माणूस, डोक्याला खोक, आणि पडला की पाडला याचा पंचवीस वर्षांत न लागलेला निकाल. त्याने लगेच लिहायला घेतली. नावं बदललीत, नदी बदललीय. तुमच्या किनाऱ्यापर्यंत यायची ऐपत नाही, म्हणून इकडची नदी तिकडची म्हणून खपवतोय.

पण इथे कुणी व्हाइटबेट धरलेलं नाही. कलाविभागातल्या पोराने सिनेमातल्या शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात भिंतीवर वल्हं टांगलं! तूच सांग बाई, हंगामातल्या सकाळी तुमचं स्वयंपाकघर कसं दिसायचं. काही गाळू नकोस. बारीकसारीक जितकं लिहिशील तितकं मला हवंय.

तुझी,
बर्नी

तोतारा बेंड, १५ ऑक्टोबर

प्रिय बर्नी,

डेसची गोष्ट करताय तर करा. तो काही कुणाचा लाडका नव्हता. फक्त मॉरीनच्या कानावर घालायला हवं होतंस. सख्खा भाऊ होता तिचा, आणि त्याच्या मचाणावर आता तीच बसते. पण तुम्ही वेलिंग्टनवाले विचारता कशाला कुणाला.

वल्हं काढून टाक. लिही: कोळशाची चूल, पहाटेपासून पेटलेली. टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर रॉकेलच्या जुन्या डब्यातून ओतलेली मासोळी, आरपार दिसणारी, नुसते काळे डोळे. आई अंड्यात फेटून पॅटी करायची. पीठ घालणाऱ्यांना ती माणसात धरत नसे. खिडकीत जाळ्याची सुई आणि दोरा. बाबांची टोपी पाव ठेवायच्या पेटीवर, रोज, आणि रोज त्यावरून भांडण.

एक सकाळ मला जशीच्या तशी आठवते, कारण त्या सकाळी डेस सापडला आणि हवालदार घरात आला होता. मी तेरा वर्षांची. उठून आले तर चुलीवरच्या दांडीला बाबांचे मांडीपर्यंतचे रबरी बूट उलटे टांगलेले, आणि लाकडाच्या पेटीत टप टप पाणी गळतंय. आईने मला फडकं दिलं, लादी पुसून घे म्हणाली, आणि बूट मागच्या मोरीत नेऊन ठेवले. मग हवालदार आला. बाबा म्हणाले, रात्री नवाला झोपलो. आई म्हणाली, हो, नवाला झोपले. मी फडकं पिळत उभी.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. त्यांनाही कधी विचारलं नाही. आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा वाटलं होतं, आता तरी बोलेल, पण नाही बोलली. हे आपलं फक्त तुला, तू विचारलंस म्हणून हातून सुटलं.

बाबा बरे आहेत. एकाहत्तराव्या वर्षी पहाटे साडेचारला मचाणावर जातात आणि शाळेची बस घेऊन मी निघते तेव्हा रिकामा डबा हलवून दाखवतात. यंदा मासोळी नाहीच म्हणून सगळा बेंड रडतोय.

नोलीन

ओटाकी, ४ नोव्हेंबर

प्रिय नोलीन,

तुझं पत्र कलाविभागाने भिंतीला लावलं. फक्त पहिलं पान, घाबरू नकोस. पावाच्या पेटीवर टोपी बघून ॲलिस्टर म्हणाला, आता हे घर झालं.

शूटिंग शनिवारी संपलं. शेवटच्या आठवड्यात मात्र मरणाचा ताप झाला. तपास करणारा इन्स्पेक्टर आहे ना, तो नट जुन्या नाटकांतला, भयंकर चिकट. ऐन शॉटला तो हटून बसला. म्हणे, या शेतकऱ्यावर मी संशय का घेतो? या स्वयंपाकघरात मी आलोच कशाला? आणि खरंच, पटकथेत त्याला काही उत्तर नव्हतं. केवढी मोठी फट, आणि तीन महिने आमच्यापैकी कुणाला दिसली नाही. दुपार अशीच गेली. उजेड जायला लागला. दुसऱ्या दिवशी ते घर सोडायचं होतं, म्हणजे सिनेमा तिथेच बुडणार होता. शेवटी फट बुजली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ॲलिस्टरने तर मला उचलून गोल फिरवलं. बावीस वर्षांची असल्यापासून हे काम करतेय, पहिल्यांदा कुणी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

कसं ते पडद्यावरच बघ. काकांना नमस्कार.

बर्नी

तोतारा बेंड, १२ डिसेंबर

बर्नी,

टाळ्यांचं वाचून बरं वाटलं. मग बस चालवताना तेच डोक्यात घोळत राहिलं आणि बरं वाटेनासं झालं. बुटांचं तू कुणाला बोलली नाहीस ना? लांबण लावू नकोस. हो की नाही, एवढंच कळव.

ख्रिसमसचा केक वेगळा पाठवलाय.

नोलीन

वेलिंग्टन, ९ फेब्रुवारी १९९७

प्रिय नोलीन,

उशीर झाला, माफ कर. केक उत्तम. संकलन चालू आहे, मी रोज वह्या घेऊन बसते, मान मोडून आलीय.

तुला उगाच घोर लागलाय. आमचा शेतकरी काकांसारखा अजिबात नाही. त्याचे केस लाल आहेत, बायको आधीच मेलेली आहे, शिवाय त्याला एक कुत्रा आहे. एकदा सिनेमा झाला की तो कुणाचाच राहत नाही गं. लोक बघतात, घरी जातात, विसरतात.

मे महिन्यात होकिटिकाच्या थिएटरात एक खेळ लागणार असं ऐकतेय. तू जा हवं तर. काकांना नको नेऊस. दोन तास बसायचं म्हणजे त्यांची कंबर, आणि तिथल्या खुर्च्या फार कडक आहेत.

बर्नी

तोतारा बेंड, १ जून

बर्नी,

होकिटिकाच्या खुर्च्या कडक नाहीत. गेल्याच वर्षी नव्या गाद्या घातल्यात. तुझ्या तोंडून एक खरं वाक्य निघालं असतं तर मी बाबांना घरी ठेवलं असतं.

तू विचारणार नाहीस, तरी सांगते. शाळेने बस दिली. बेंडवरचे बावीस जण, सगळे धुतलेल्या कपड्यांत, आपल्या गावच्या पोरीचा सिनेमा म्हणून. ड्रायव्हर मी. बाबा माझ्या मागच्याच सीटवर, टाय लावून. मॉरीन त्यांच्या शेजारी. जाताना तिने त्यांना पेपरमिंट दिलं होतं.

इन्स्पेक्टर चुलीपाशी आला आणि कॅमेरा वर वर गेला. उलटे बूट. टप, टप. तुम्ही तो आवाजसुद्धा मोठा करून लावलात. पुढे त्या लाल केसवाल्याने डेसला कसं मारलं ते दाखवलंत, वल्ह्याने. ते वल्हं तुम्ही शेवटी वापरलंतच.

तरीसुद्धा निभावलं असतं. सिनेमावाले काय वाटेल ते जुळवतात, असं म्हणता आलं असतं. पण शेवटी नावांची पाटी वर सरकायला लागली आणि त्यात तुझं नाव आलं, आपल्या आडनावासकट. थिएटरातली बेंडवरची सगळी डोकी बाबांकडे वळलेली मी बघितली. गावची पोरगी म्हणून आलेल्यांना आता ती कुणाची ते आठवलं: क्लॅरीच्या भावाची पोरगी! म्हणजे हे घरातूनच बाहेर आलंय. घरच्यांनीच कबूल केलंय.

परत येताना मॉरीन शेवटच्या सीटवर जाऊन बसली. रॉसचा पूल ओलांडल्यावर बाबा म्हणाले, 'तिकडची नदी उथळ आहे फार.' बस, तेवढंच.

मी विश्वासाने लिहिलं होतं तुला. तू ते एकोणीस जणांत वाटलंस.

नोलीन

वेलिंग्टन, ९ जून

नोलीन,

काय लिहू? मी शेण खाल्लं. तुझ्या त्या एका प्रश्नाला उत्तर द्यायची हिंमत झाली नाही, हे त्याहून वाईट.

पण एवढं ऐक. मी ठरवून काही केलं नाही. तो नट विचारत होता, उजेड जात होता, सगळे एकमेकांची तोंडं बघत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, 'बूट ओले असतील ना.' बास. वीस वर्षं मला एवढंच येतं, काय जुळत नाही ते बघायचं आणि जुळवायचं. त्या क्षणी ते काकांचे बूट आहेत हे मनात आलंच नाही. लोक टाळ्या वाजवत होते तेव्हा आलं. तेव्हाही मी गप्प बसले.

बेंडवर काय चाललंय? काका कसे आहेत? मी येऊ का?

बर्नी

तोतारा बेंड, २० जुलै

बर्नी,

येऊ नकोस. पण तुझ्यावरचा माझा राग थोडा उतरलाय, आणि का ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. इथे सांगायला कुणी नाही, म्हणून तुलाच लिहिते.

आधी बेंडचं ऐक. मला वाटलं होतं तोंड दाखवायला जागा उरणार नाही. तसं काही झालंच नाही. पबात बाबा गेले की शेगडीजवळची जागा आपोआप मोकळी होते. शेजारच्या मॅकेनाच्या पोराने त्यांचं कुंपण न सांगता नीट करून दिलं, आणि जाताना 'सर' म्हणाला. डेसने अर्ध्या बेंडला कधी ना कधी हात दाखवला होता. त्याला कुणी नदीत ढकललं असेल तर लोकांना त्याचं फार वाईट वाटत नाही, उलट जरा दबूनच असतात. फक्त मॉरीन रस्ता ओलांडून पलीकडून जाते. ते बाबांना लागतं.

गेल्या रविवारी मी विचारलं. पंचवीस वर्षं जे विचारलं नव्हतं ते बटाटे सोलता सोलता विचारलं. बर्नी, त्यांनी डेसला हात लावला नाही! ते त्याच्या मचाणावर गेले होते, चोरून, रात्री मासोळी धरायला बंदी असते त्या वेळेत. त्या वर्षी आमच्या जाळ्यात काही येत नव्हतं आणि डेसचे डबे भरत होते. त्याचंच जाळं टाकून दोन डबे काढले. तिसऱ्याला डेसचा कंदील दिसला, तसे डबे उचलून शेतातून पळत सुटले. मागे पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला. वाटलं, चिडून जाळं फेकलं असेल. परत फिरले असते तर सापडले असते, म्हणून नाही फिरले.

मी रडले. आनंदाने, काय सांगू तुला. तेरा वर्षांची असल्यापासून मी ज्या माणसाला जेवायला वाढतेय तो खुनी नाही. म्हटलं, बाबा, चला, आत्ताच्या आत्ता मॉरीनला सांगू. तर इतके घाबरलेले मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. माझं मनगट धरून म्हणाले,

'खुनी म्हणताहेत ना, म्हणू देत. चोर म्हणायला लावू नकोस मला. दुसऱ्याच्या मचाणावर गेलो होतो, हे कळलं तर इथे मला माणूस म्हणून कुणी ओळखणार नाही.'

तू लहानपणीच गेलीस इथून, तुला ते तितकं कळायचं नाही. मी वचन दिलंय. तेव्हा हे आपल्या दोघींत.

नोलीन

वेलिंग्टन, १७ ऑगस्ट

प्रिय नोलीन,

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. आणि आता जे सांगतेय ते शांतपणे ऐक.

मी मॉरीनला लिहिलं. सगळं, तुझ्या पत्रातलं, जसंच्या तसं. मला माहीत आहे तू वचन दिलं होतंस. मी दिलं नव्हतं. माझ्या चुकीमुळे एका निरपराध माणसाच्या कपाळी खून लागला, आणि ती बाई भावाचा मारेकरी रोज समोरून जाताना बघतेय. हे माहीत असून मी हातावर हात ठेवून बसू? दोन डबे मासोळी, नोलीन. पंचवीस वर्षांपूर्वीची. खुनापुढे त्याचं काय! काका म्हातारे झालेत, भलत्याच गोष्टीला भितात. लोक दोन दिवस हसतील आणि विसरतील. निदान खुनी तरी म्हणणार नाहीत.

या वेळी मी लपवलं नाही. आधी तुला सांगतेय. निदान, पत्र पेटीत टाकल्यावर लगेच.

हंगाम सुरू झाला की येते. काकांच्या हाताला धरून मचाणावर नेईन.

तुझी,
बर्नी

तोतारा बेंड, ३० ऑक्टोबर

बर्नी,

तुझी चार पत्रं आली. फोडली नाहीत.

मॉरीनने तुझं पत्र कुणाला वाचून दाखवलं नाही. तिने ते नुसतं दुकानाच्या फळ्यावर लावलं, दुधाच्या वेळापत्रकाशेजारी. दुपारपर्यंत बेंडवरच्या प्रत्येकाने वाचलं होतं. त्या रात्रीच्या आवाजाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सगळे बोलत होते ते जाळ्याबद्दल. डेस बुडाला ते बुडाला, पण क्लॅरी त्याच्या मचाणावर चढला होता! पंचवीस वर्षांत ज्याचा ज्याचा डबा एकदा तरी रिकामा निघाला त्या सगळ्यांना आता कारण सापडलं. मॅकेनाने अठ्ठ्याऐंशी सालचा हिशेब काढला. अठ्ठ्याऐंशीत बाबा दोन महिने हॉस्पिटलात होते, मीच नेऊन ठेवलं होतं. मी सांगितलं. तो म्हणाला, 'चोरांच्या घरचं तोंड आहे ते.'

एक सप्टेंबरला हंगाम उघडला. बाबा पहाटे निघाले, मी नको म्हटलं तरी. आमचं मचाण नव्हतं. करवतीने खांब पाण्याच्या पातळीला कापलेले, आणि फळ्या काठावर नीट रचून ठेवलेल्या. चौदा जण आपापल्या मचाणावर होते. बाबा काठावर उभे राहिले, रिकामा डबा घेऊन. चौदातल्या एकानेही मान वर केली नाही. दुपारी मी बस सोडून आले तेव्हाही ते तिथेच होते. हाताला धरून घरी आणलं.

त्यानंतर ते नदीकडे गेले नाहीत. पबात एकदाच गेले. शेगडीजवळ जागा नव्हती. सतरा ऑक्टोबरला, शुक्रवारी, खुर्चीतच गेले. डॉक्टरने हृदय लिहिलं.

तुला मुद्दाम कळवलं नाही. तू आली असतीस, आणि मी तुला दारात उभं केलं नसतं.

आमच्याकडे माणूस गेला की शवपेटी उचलायला सहा जण लागतात, आणि आजवर इथे कुणाला सहा कमी पडले नाहीत. पिऊन ट्रकखाली गेलेल्यालाही नाहीत, डेसलासुद्धा नाहीत. डेसला उचलणाऱ्यांत बाबा होते. बाबांना दोघे मिळाले. फादर आणि मी. बाकीचे चार अंत्यविधीच्या कंपनीने ग्रेमाउथहून पाठवले, काळे हातमोजे घातलेले. त्यांनी वाटेत मला विचारलं, बाईसाहेब, गाव इथून लांब आहे का?

खुनी म्हणून गेले असते ना बर्नी, तर अख्खा बेंड खांदा द्यायला आला असता. मॉरीनही आली असती, थुंकायला का होईना.

रागाने लिहीत नाही. राग संपला. मला एकच गोष्ट हवी आहे. माझी सगळी पत्रं परत पाठव. तू वेलिंग्टनला गेलीस तेव्हापासूनची, एकूण एक. आईच्या आजारपणातली, माझं लग्न मोडलं तेव्हाची, सगळी. तुला मी काही हातचं राखून लिहिलं नाही कधी. त्यांत आणखी काय काय लिहून गेलेय ते मला आता आठवत नाही.

नोलीन